मुंगीला नकाशा लागत नाही

(कोल्हापुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मुंगीच्या डोक्यात नकाशा असतो का?’ माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते मी शेवटी नीट मांडणार आहे. पण त्याआधी एक तक्रार मांडल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. ही तक्रार जुनी आहे आणि या सभागृहातल्या बहुतेकांबद्दल आहे, तेव्हा सावरून बसा.

मुंगी घरी कशी जाते, असं कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं असतं: ‘वासाच्या रेघेवरून.’ शाळेच्या पुस्तकात तेच, टीव्हीवर तेच, आणि खडूनं रेघ मारून मुंग्या अडवणाऱ्या आपल्या आयाबहिणींच्या मनातही तेच. मुंगी म्हटलं की रांग आणि रांग म्हटलं की वास, इथं विषय संपतो. उत्तर खोटं नाही, पण ते फार थोड्या मुंग्यांच्या फार थोड्या वागण्याला लागू पडतं. आणि ते एकदा मिळालं की माणूस पुढचा प्रश्नच विचारत नाही, हे मला जास्त खटकतं.

आधी वासाचा जो न्याय आहे तो त्याला देऊ. आपल्याकडं गुऱ्हाळावर काकवीचा थेंब सांडला की पहिली मुंगी तो चाखते आणि परत जाताना पोटाचं टोक जमिनीला टेकवत जाते. तिथं तिच्या ग्रंथीतलं रसायन लागतं. दुसरी मुंगी त्या खुणेवरून येते, तिला काकवी मिळाली तर तीही परतताना खूण करते. नाही मिळाली, तर करत नाही. त्यामुळं खाऊ असेल तोवर रेघ दाट होत जाते, संपला की विरते. कुणी हुकूम सोडत नाही आणि हिशेब आपोआप होतो. १९८९ मध्ये अर्जेंटिनी मुंग्यांवर एक प्रयोग छापला गेला. बिळापासून खाऊपर्यंत दोन फाटे असलेला पूल केला, एक फाटा दुसऱ्याच्या दुप्पट लांब. सुरुवातीला मुंग्या दोन्हीकडून निघाल्या. आखूड फाट्यावरच्या लवकर परतल्या, तिथं खुणा लवकर साठल्या, आणि काही मिनिटांत बहुतेक मुंग्या आखूड वाटेला लागल्या. छान. पण त्याच प्रयोगाचा दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही. आधी नुसता लांब फाटा ठेवला, मुंग्यांना अर्धा तास तो वापरू दिला, आणि मग आखूड फाटा जोडला. बहुतेक मुंग्या लांब वाटेवरच राहिल्या! जुन्या रेघेचा वास इतका दाट झाला होता की नवी वाट उचल खाईना. वासाच्या रेघेचा हा मूळ दोष आहे. ती ‘पुष्कळ मुंग्या इथून गेल्या’ एवढंच सांगते, ‘ही वाट बरी आहे’ असं सांगत नाही.

दुसरा दोष म्हणजे नुसत्या रेघेला तोंड कुठलं आणि शेपूट कुठली ते कळत नाही. रेघेवर आडवी येऊन पडलेली मुंगी बिळाकडं जाणार की खाऊकडं? घरात दिसणाऱ्या बारीक पिवळसर फॅरो मुंग्यांवर २००४ मध्ये याचं उत्तर मिळालं. त्यांच्या वाटा बिळापासून बाहेर जाताना फुटतात, आणि फाट्यांमधला कोन ५० ते ६० अंशांचा असतो. त्यामुळं बाहेर जाणाऱ्या मुंगीला पुढं दोन्ही फाटे थोडे थोडे वळलेले मिळतात, आणि उलट येणारीला एक वाट जवळपास सरळ मिळते, दुसरी एकदम मागं वळलेली. दिशा वासात नव्हती, ती वाटेच्या आकारात होती. कोन बदलून १२० अंश केला, की तिन्ही वाटा सारख्याच दिसतात आणि मुंगीला काही उमगत नाही.

आणि तिसरी गोष्ट, माझ्या तक्रारीचं मर्म. युरोपातली काळी बागमुंगी, लेसियस नायजर, ही रांगेनं चालणारी, रेघ मारणारी मुंगी. २०११ मध्ये छापलेल्या प्रयोगात तिला एका फाट्यावर खाऊ असतो हे शिकवलं आणि नंतर दुसऱ्या फाट्यावर वासाची रेघ ओढून ठेवली. जिला वाट पाठ झाली होती ती मुंगी बहुतांशी स्वतःच्या आठवणीप्रमाणं गेली, वासाला तिनं बाजूला ठेवलं. रेघ नवशिक्यांसाठी असते, अनुभवी मुंगी रेघेवर चालताना दिसली तरी ती रेघेवर विसंबून असेलच असं नाही. नुसत्या वासावर विसंबणाऱ्यांचं काय होतं तेही नोंदलेलं आहे. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या लष्करी मुंग्यांना जवळजवळ दिसत नाही. पावसानं मूळ वाट धुऊन नेली आणि त्यांची एक टोळी तुटली, तर ती आपल्याच वासामागं गोल फिरत राहते, मरेपर्यंत. श्नीर्ला यांनी १९४४ मध्ये असं वर्तुळ तपशिलानं वर्णन करून ठेवलंय.

फरशी पुसल्यावर मुंग्या काही मिनिटं भांबावतात आणि मग पुन्हा जुन्याच भेगेकडं जातात, हे घरोघरी दिसतं. ‘फडका नीट मारला नाही’ म्हणून कुणाला बोलू नका. रेघ गेली तरी काही मुंग्यांना वाट आठवत असते.

आता त्या माणसाकडं येतो, ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला. फेलिक्स सांत्शी. स्वित्झर्लंडचा डॉक्टर, जन्म १८७२. १९०१ मध्ये तो ट्युनिशियातल्या कैरुआन गावात दवाखाना थाटून राहिला. विद्यापीठ नाही, प्रयोगशाळा नाही, विद्यार्थी नाहीत. रुग्ण तपासून झाले की हा गडी मुंग्यांमागं उन्हात. गावातले लोक त्याला ‘मुंग्यांचा डॉक्टर’ म्हणायचे.

१९११ मध्ये त्यानं जे केलं त्याला साहित्य लागलं एक फळी आणि एक आरसा. एक मुंगी घराकडं सरळ चाललेली. सूर्य समजा तिच्या डाव्या हाताला. सांत्शीनं फळी धरून मुंगीवरचं थेट ऊन अडवलं आणि दुसऱ्या बाजूनं आरशात सूर्य दाखवला. म्हणजे मुंगीच्या लेखी सूर्य डावीकडून उजवीकडं गेला. मुंगी थबकली आणि उलट दिशेला चालू लागली. आरसा काढला, पुन्हा मूळ दिशेला. जमीन तीच होती, तिच्यावरचा वास तोच होता, बदलला होता फक्त सूर्य. मुंगी सूर्याच्या कोनावर चालते हे इतक्या कमी सामानात सिद्ध झालं. तुमच्यापैकी कुणाला हा प्रयोग करायचा असेल तर फळी मोठी घ्या. फळीच्या कडेवरून मुंगीला खरा सूर्य दिसत राहिला तर ती आरशाकडं ढुंकूनही बघत नाही, आणि मग माणूस म्हणतो की प्रयोग फसला.

इथं थांबला असता तरी त्याचं नाव राहिलं असतं. पण त्याला एक गोष्ट सुटत नव्हती. सूर्य नुसता झाकला, आरसा दाखवलाच नाही, तरी काही मुंग्या बरोबर दिशेनंच जायच्या. मग त्यानं पुठ्ठ्याची उंच नळी केली, वरून उघडी, आणि ती चालत्या मुंगीभोवती धरून तिच्याबरोबर पुढं पुढं सरकवत नेली. आजूबाजूचं काही दिसणार नाही, सूर्य दिसणार नाही, डोक्यावर आभाळाचा तेवढा एक गोल तुकडा. मुंगी तरीही सरळ घरच्या दिशेनं! १९२३ मध्ये त्यानं हे छापलं. आभाळाच्या कोऱ्या निळ्या तुकड्यात मुंगीला काय दिसतं, हे त्याला सांगता आलं नाही. प्रश्न मात्र त्यानं नेमका लिहून ठेवला. त्या काळच्या प्राध्यापक मंडळींनी तो वाचलासुद्धा नाही म्हटलं तरी चालेल. उत्तर आलं १९४९ मध्ये, कार्ल फॉन फ्रिश यांच्या मधमाश्यांवरच्या कामातून. आभाळातला प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी ठरावीक प्रतलात डोलतात, आणि कुठल्या ठिकाणी कुठल्या प्रतलात हे सूर्याच्या जागेवर ठरतं. कीटकांच्या डोळ्याच्या वरच्या कडेला ही दिशा वाचणारे खास घटक असतात. सांत्शी १९४० मध्ये गेला. त्याला हे उत्तर कळायला हवं होतं असं मला फार वाटतं.

हे तुम्हालाही बघता येतं. पोलरॉइडचा गॉगल घ्या. साध्या काळ्या काचेचा नको, त्यानं काही होणार नाही. सूर्य मावळायला टेकला असताना सूर्याकडं न बघता बरोबर डोक्यावर बघा आणि काच डोळ्यापुढं हळूहळू फिरवा. पाव फेरीत आभाळ गडद होईल, पुढच्या पाव फेरीत उजळेल. सूर्यापासून ९० अंशांवर हा फरक सर्वांत जास्त असतो, सूर्याच्या जवळ नसल्यासारखा. दाट ढग असतील तर काही दिसत नाही, मात्र ढगांत निळी खिडकी पडली तर तेवढी पुरते. मुंगीलाही पुरते.

सूर्याचं होकायंत्र वापरायचं तर एक अडचण आहे, सूर्य जागचा हलतो. ही गोष्ट कोल्हापूरकरांना समजावून सांगायची गरज नाही. अंबाबाईचा किरणोत्सव आपण सगळ्यांनी पाहिलाय. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर, मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी चरणांवर आणि मग वर मुखाकडं चढतात. वर्षातून दोनदाच, कारण त्या दोन वेळांनाच सूर्य पश्चिमेपासून दक्षिणेला सुमारे १८ अंशांवर मावळतो, एकदा उत्तरेकडं येताना आणि एकदा दक्षिणेकडं जाताना. वाटेत एखादी इमारत किंवा फलक आला, हवेत बाष्प किंवा धूळ असली, की किरण अडतं आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते. मंदिर बांधणाऱ्यांनी सूर्याची वर्षाची चाल दगडात धरली. मुंगीला तिची गरज नाही, कारण वाळवंटातली मुंगी एकदा बाहेरच्या कामाला लागली की सरासरी सहाएक दिवस जगते. तिला लागते ती दिवसाची चाल, आणि ती सरळसोट नसते. डिसेंबरात आपल्याकडं माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ५० अंशांवर असतो आणि पूर्वेकडून दक्षिणेवरून पश्चिमेकडं तो बऱ्यापैकी सावकाश सरकतो. मेच्या पहिल्या आठवड्यात मात्र तो आपल्या बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी सकाळभर सूर्य जवळपास पूर्वेलाच असतो आणि भरदुपारी काही मिनिटांत पश्चिमेला जातो. त्या मिनिटांत सावली नाही, सूर्याला दिशा नाही, आणि आभाळातल्या ध्रुवित प्रकाशाची नक्षीही डोक्याभोवती सगळीकडं सारखी होते. सूर्यावर चालणाऱ्या कीटकाला त्या वेळी हे होकायंत्र बंद. मैदानावर काही करायचं असेल तर ही वेळ टाळा.

दिशा झाली. आता अंतर. सहारातली कॅटाग्लिफिस मुंगी ही या विषयाची राणी आहे, आणि झुरिचच्या र्‍यूडिगर वेनर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ट्युनिशियात तिच्यावर काम केलं. भर दुपारी जमीन ६० अंश सेल्सिअसच्या वर तापते तेव्हा ही एकटी बाहेर पडते आणि उन्हानं मेलेले किडे शोधते. इतक्या तापलेल्या जमिनीवर वासाची रेघ टिकत नाही, आणि मेलेला किडा एकच असतो, तो आणायला पलटण लागत नाही. तिची एक नोंदलेली फेरी अशी आहे: जाताना वेडीवाकडी ५९२ मीटर, किडा मिळाल्याबरोबर परत १४० मीटर, जवळजवळ सरळ रेषेत. जाताना चाललेल्या वाटेनं ती परत येत नाही.

हे ती कशी करते? दर पावलागणिक ‘किती आणि कुठल्या दिशेला’ याची बेरीज करत राहते. पूर्वेला ३० मीटर, मग उत्तरेला ४० मीटर गेली, तर घर तिथून ५० मीटरवर, दक्षिणेपासून पश्चिमेला सुमारे ३७ अंशांवर. हे दुकानदाराच्या शिलकीसारखं आहे: रोजचे व्यवहार लिहून ठेवलेले नाहीत, फक्त शेवटचा आकडा तेवढा पक्का. आता त्या मुंगीला किडा उचलताक्षणी पकडून तुम्ही दुसरीकडं नेऊन सोडलं, तर ती त्याच दिशेला, तेवढंच अंतर जाते आणि जिथं घर असायला हवं होतं त्या रिकाम्या जागी घर शोधू लागते. आपल्याला उचलून नेलं हे तिच्या शिलकीत धरलेलंच नसतं.

अंतर कशानं मोजते यावर शंभर वर्षं वाद झाले. लागलेल्या वेळानं? खर्चलेल्या ताकदीनं? २००६ मध्ये विटलिंगर, वेनर आणि वोल्फ यांनी सोक्षमोक्ष लावला. बिळापासून खाऊपर्यंत १० मीटरची पन्हळ. मुंग्या खाऊपर्यंत आल्या की त्यांना पकडलं. काहींच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून पाय लांब केले, काहींचे पाय नडगीत कापून आखूड केले, काही तशाच ठेवल्या. मग समांतर पन्हळीत सोडून त्या घर शोधायला कुठं घुटमळतात ते मोजलं. साध्या मुंग्या १०.२० मीटरवर थांबल्या, लांब पायांच्या १५.३० मीटरवर, आखूड पायांच्या ५.७५ मीटरवर. पावलांची संख्या घराएवढीच झाली होती, पाऊल तेवढं बदललं होतं. आणि कळस पुढं आहे: त्याच मुंग्यांना बिळात सोडलं, त्या नव्या पायांनी स्वतः बाहेर पडल्या, नव्या पायांनी परत निघाल्या, आणि तिन्ही गट बरोबर १० मीटरच्या आसपास थांबले. जाताना आणि येताना पाऊल एकच असेल तर ते केवढं का असेना. वाटेत चढउतार घातले तरी ती चढाची लांबी न धरता जमिनीवरचं सपाट अंतर धरते, हे २००१ मध्येच दाखवलेलं होतं.

चूक होते का? होते. ५० मीटरवर दिशा ५ अंशांनी चुकली तर घर ४.४ मीटरनं हुकतं, आणि बिळाचं तोंड बोटभर. म्हणून हिशेब संपला की ती शोध सुरू करते: त्या जागेभोवती फेरे, प्रत्येक फेरा परत मध्याशी, हळूहळू मोठा. जितकी लांब गेलेली तितके फेरे पसरट, म्हणजे आपला आकडा किती कच्चा आहे याचाही तिच्या वागण्यात हिशेब आहे. एकाच बाजूला वळण असलेल्या पन्हळीतून पाठवली तर तिची चूक ठरावीक बाजूला होते, आतल्या अंगाला, जिथं ती आपली जुनी वाट ओलांडते. वेनर आणि म्यूलर यांनी १९८८ मध्ये हे दाखवलं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर कृती सांगतो, कारण प्रयोग बहुतेकदा ज्या कारणांनी फसतात ती टाळता येतात. रांगेनं जाणारी मुंगी घेऊ नका. एकटी फिरणारी, डोळे ठसठशीत असलेली घ्या. आपल्या भागात डायकामा ही काळसर करडी, मोठी, एकटीनं शिकार करणारी मुंगी सहज मिळते. जागा उघडी हवी. रंकाळ्याचा काठ नको, तिथं झाडं, कठडा आणि गर्दी. मसाई पठारासारखी सपाट जागा उत्तम. बिळापासून तीनेक मीटरवर मेलेली माशी ठेवा. मुंगीनं ती उचलून घराकडं तोंड केलं की काडेपेटी पालथी घालून तिला आत घ्या. बोटांनी धरू नका, तिनं खाऊ टाकला तर घराची ओढ संपते आणि ती नुसती पळते. पेटी झाकून पाच-सहा मीटर आडव्या दिशेला न्या आणि तशाच जमिनीवर सोडा. मागून, दोन हातांवरून चालत, ठरावीक सेकंदांनी खराट्याचा एक हीर तिच्या मागं जमिनीत रोवा, पुढं कधीच नाही. तुमची सावली तिच्यावर पडू देऊ नका आणि बाकीच्यांना लांब बसवा, कारण उभा माणूस तिच्या लेखी एक झाडच आहे. ती पहिल्यांदा गर्रकन वळते ती जागा धरा. तिथवरचं अंतर आणि दिशा मूळ जागेपासून बिळाच्या अंतर-दिशेशी ताडून बघा.

तीन निकाल लागू शकतात. ती खऱ्या बिळाकडं न जाता ‘पकडल्याची जागा ते बीळ’ या रेषेला समांतर गेली, तर हिशेबानं चालली. थेट खऱ्या बिळात गेली, तर परिसर ओळखीचा आहे आणि तिनं डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा वापरल्या. सोडल्याजागीच फेरे मारू लागली, तर बहुधा तुम्ही तिला उशिरा, बिळाच्या तोंडाशी पकडलंत आणि तिची शिल्लक शून्य झालेली होती. हा तिसरा प्रकार मुद्दाम करून बघाच. एकच मुंगी, एकच जागा, फक्त पकडल्याची वेळ वेगळी आणि वागणं पूर्ण वेगळं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं. खुणांवर खरं म्हणजे एक स्वतंत्र व्याख्यान हवं, मी पळत जातो.

वेनर आणि राबर यांनी १९७९ मध्ये बिळाच्या दोन बाजूंना दोन नळकांडी ठेवली. मुंग्या शिकल्यावर तीच नळकांडी दुसरीकडं दुप्पट अंतरावर ठेवली तर त्यांना मधली जागा सापडेना. नळकांडी आकारानंही दुप्पट केली, की सापडली. कारण डोळ्यावर पडणारं चित्र पुन्हा तेवढंच झालं. तिनं ‘दोन नळकांड्यांच्या मधे’ असं काही लक्षात ठेवलेलं नव्हतं, घराच्या दारातून जग कसं दिसतं तेवढं ठेवलं होतं. हे चित्र ती कामावर निघण्याआधीच्या दिवसांत गोळा करते: बिळाभोवती छोटे फेरे, मधे थांबून, बिळाकडं तोंड करून बघणं. त्या वेळी बिळ दिसत नसतं, तरी तोंड अचूक तिकडंच, आणि यासाठी पृथ्वीचं चुंबकत्व कामी येतं हे ग्रीसमधल्या कॅटाग्लिफिसवर २०१८ मध्ये दाखवलं गेलं. मिठाच्या सपाट आगरात खूणच नसेल, तर मुंग्या बिळाच्या तोंडाशी उंच ढिगारा रचतात. बिळातून येणारा कार्बन डायऑक्साइडही त्यांना कळतो, पण शिल्लक शून्याजवळ आल्यावरच त्या त्याच्यामागं जातात, नाहीतर वाटेतल्या परक्या बिळात शिरतील आणि मरतील.

मधमाशीला पावलं नाहीत, ती डोळ्यापुढून सरकणारं जग मोजते. श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये तिला ६.४ मीटरच्या अरुंद, नक्षीदार बोगद्यातून उडवलं. भिंती जवळ असल्यानं नक्षी भरभर सरकली, आणि पोळ्यात येऊन तिनं नाचून दाखवलेलं अंतर दीडशे मीटरच्या वर होतं. आपल्या भीमाशंकरच्या जंगलातला सुतार भुंगा अमावास्येच्या रात्रीही उडतो आणि ताऱ्यांच्या उजेडात घराजवळच्या खुणेचा रंग ओळखतो. हे २००८ मध्ये छापलेलं काम आहे, आणि ते महाराष्ट्रात झालंय, हे लक्षात ठेवा. आफ्रिकेतला शेणकिडा आकाशगंगेच्या पट्ट्यावरून सरळ रेषा धरतो. झालं.

आता कबूल केलेला प्रश्न. नकाशा म्हणजे काय, तर ठिकाणांचे परस्परसंबंध एकत्र साठवलेले असणं. त्याची कसोटी म्हणजे ज्या दोन ओळखीच्या जागांमधून कधी गेलो नाही, त्यांच्यातली नवी सरळ वाट पकडता येणं. टोलमन यांनी १९४८ मध्ये उंदरांबद्दल ही कल्पना मांडली. ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदराच्या मेंदूत, तो ठरावीक जागी आला की पेटणाऱ्या पेशी सापडल्या, मोझर पतिपत्नींना २००५ मध्ये जाळीसारख्या जागांवर पेटणाऱ्या, आणि तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. इस्रायलमधली फळं खाणारी वटवाघळं रानात नव्या सरळ वाटा धरतात, हे २०२० मध्ये दिसलं. सस्तन प्राण्यांसाठी मी नकाशा मान्य करतो. मधमाशीवर वाद आहे. १९८६ मध्ये गूल्ड यांनी तिला नकाशा असतो म्हटलं. डायर यांनी १९९१ मध्ये दाखवलं की उंचावरून ओळखीचा परिसर दिसत असेल तर ती नवी वाट धरते, खाणीच्या खोलगट जागेतून सोडली तर नाही. मेंझेल उडत्या मधमाश्यांच्या रडारवरच्या नोंदी घेऊन नकाशाच्या बाजूनं उभे आहेत.

मुंगीबद्दल माझं म्हणणं सरळ आहे. तिच्याकडं सुटी हत्यारं आहेत आणि कुठलं कधी वापरायचं याचे नियम आहेत, ती सगळी एका कागदावर आणणारं कुणी आत बसलेलं नाही. पुरावा मेंदूतूनच घ्या. दिशा आणि बेरीज मेंदूच्या मधोमधच्या भागात होते. माशीच्या त्या भागात पेशींच्या वर्तुळावर एक उजळ ठिपका फिरतो, माशी वळली की तो वळतो, अंधारातही. जयरामन आणि सीलिग यांनी २०१५ मध्ये तो दाखवला. दृश्यांची आठवण दुसरीकडं, अळंबीच्या आकाराच्या भागात. ऑस्ट्रेलियातल्या बुलडॉग मुंगीच्या या भागात बधिर करणारं प्रोकेन टोचलं, की तिला ओळखीचा परिसर उमगत नाही, पण अंतर-दिशेची बेरीज शाबूत राहते. एकच नकाशा असता तर तो असा अर्धा बधिर झाला नसता. २०२० चं हे काम नरेंद्र आणि सहकाऱ्यांचं आहे.

आणि दुसरा पुरावा २०१७ चा, स्पेनमधला. मोठा घास ओढताना मुंगी उलटी चालते, तोंड घराविरुद्ध. अशा वेळी खुणा बदलल्या तरी तिला कळत नाही. मग ती घास खाली ठेवते, वळून घराच्या बाजूला एकदा बघते, परत घास धरून उलटी चालू लागते, आणि आता दिशा सुधारलेली असते. चित्र ज्या तोंडानं साठवलं त्याच तोंडानं वाचावं लागतं, पण त्यातून मिळालेली दिशा मात्र ती आभाळावर टांगून पाठमोरी वापरते. तिची आठवण ‘घर अमुक ठिकाणी आहे’ अशी नाही, ‘असं दिसलं की इकडं चाल’ अशी आहे.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी कसोटी लावावी. एक बीळ, एकमेकांपासून लांब दोन खाऊ, मुंगी दोन्हीकडं स्वतंत्रपणे शिकलेली. तिला एका खाऊपाशी सोडून ती दुसऱ्याकडं सरळ जाते का ते पाहायचं. पण एक अट कसोशीनं पाळा: दुसऱ्या खाऊजवळची कुठलीही खूण पहिल्या जागेवरून दिसता कामा नये, नाहीतर डायरच्या खाणीचाच वाद पुन्हा होईल. पठारावर एखादं एकटं झाड असेल तर जागा बदला. वेळ संपली. प्रश्न बाहेर व्हरांड्यात घेतो, तिथं पोलरॉइडच्या काचा ठेवल्यात, मावळतीपर्यंत अजून अर्धा तास आहे.